मैनाच्या वड्यांचे टेबल

मी एक जुने टेबल आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. जुनी टेबले घरोघरी असतात. कुणावर वर्तमानपत्रांची रद्दी असते, कुणावर बंद पडलेला टीव्ही. माझ्यावर या क्षणी कोथिंबिरीची जुडी आहे, पिठाची परात आहे आणि एका माणसाची दोन कोपरे टेकलेली आहेत. मित्रांनो, या वयात इतके काम मिळालेले टेबल तुम्ही कुठे पाहिले असेल तर मला येऊन जरूर सांगा. मी वाट बघेन, पण तुम्ही काही येणार नाही.

मी जन्माने चौक गावचे. मुंबई-पुण्याच्या सगळ्या गाड्या चौकवरून जात, त्या काळातले. रस्त्याला लागून आबाजींचा ढाबा होता. तिथे टेबले बरीच होती, पण ती गिऱ्हाइकांची, हलकी, हात लागला की सरकणारी. आबाजींना भटारखान्यात असे टेबल हवे होते की पीठ कितीही जोराने मळले तरी ते जागचे हलणार नाही. नागू सुताराने ऐनाच्या लाकडाच्या जाड फळ्या आणल्या, सावलीत वाळवल्या आणि मला घडवले. तयार झाल्यावर आबाजी चपला काढून स्वतः माझ्यावर उभे राहिले. आबाजी चांगले वजनदार गृहस्थ होते. मी हूं की चूं केले नाही.

नागू म्हणाला, "शेट, हे तुमच्या नातवांना पण पुरंल."

आबाजी म्हणाले, "नातवांचं र्‍हाऊ दे. आधी कांदे आण."

तेव्हापासून माझ्यावर कांदे चिरले गेले, कणीक मळली गेली, बटाटेवड्यांचे गोळे वळले गेले. ट्रकवाले, एसटीचे कंडक्टर, लोणावळ्याला निघालेली नवी जोडपी, सगळे वडा खाऊन वाहवा करत. वाहवा वड्याची होई, माझी नाही, पण मला त्याचे वाईट वाटले नाही. कारण ढाबा बंद करताना भांडी नोकर घासत आणि मला मात्र आबाजी स्वतः पुसत. ओल्या फडक्याने एकदा, कोरड्या फडक्याने एकदा. एवढा मान ढाब्यातल्या दुसऱ्या कुठल्याही वस्तूला नव्हता. मी तेव्हाही थोडे गर्विष्ठ होते, हे खरे आहे.

पुढे नवा द्रुतगती मार्ग झाला आणि गाड्या तिकडून भरधाव जाऊ लागल्या. वडा खायला थांबायचे तर आधी तो मार्ग सोडून खाली उतरायला हवे, आणि वड्यासाठी इतके कोण करणार? ढाबा आक्रसत गेला. आबाजी गेल्यावर त्यांच्या मुलाने, हरेशने, तिथे स्कूटर-मोटारसायकलींचे गॅरेज काढले. हरेश मनाने चांगला आहे. पण त्याने मला मागच्या अंगणात नेऊन टाकले आणि माझ्यावर ऑइलचे डबे, फाटके टायर आणि गंजके नट-बोल्ट रचले. माझ्या सावलीत एक कोंबडी अंडी घालायची. तिचा मला राग नव्हता. ती निदान दिवसभर काहीबाही बोलायची. पण मला फार वाईट वाटे. काम करून झिजणे वेगळे आणि नुसते पडून राहून सडणे वेगळे. मी सडत होते.

आणि मग हर्षला आली.

हर्षला कर्जतजवळच्या कळंबची. शेतकऱ्याची मुलगी. मुंबईत शिकून ती ऑक्युपेशनल थेरपिस्ट झाली आणि तिथल्याच एका मोठ्या रुग्णालयात मनाच्या आजारांच्या विभागात तिने बरीच वर्षे नोकरी केली. मित्रांनो, हा शब्द लांबलचक आहे, पण काम समजायला सोपे आहे. डॉक्टर आजारावर औषध देतात. आजाराने माणसाच्या हातून जे रोजचे काम सुटलेले असते, ते परत त्याच्या हाती आणून देणे हे हर्षलाचे काम. मग ते काम अंघोळ करण्याचे असो, बाजारात जाण्याचे असो की नोकरीवर परतण्याचे. रुग्णालयातून बरी होऊन इकडच्या गावांत परतलेली माणसे काही महिन्यांनी पुन्हा तिच्यासमोर यायची, कारण घरी त्यांना कसलेच काम उरलेले नसायचे. हे बघून बघून ती वैतागली आणि तिने ठरवले की आपल्याच भागात स्वतःचे काम सुरू करायचे.

हरेशने गॅरेजचा अर्धा गाळा तिला भाड्याने दिला. पुढे रस्त्याकडे शटर, मागे गॅरेजच्या अंगणात उघडणारे दार. जागा बघताना तिची नजर माझ्यावर पडली. तिने एक टायर खाली ढकलला आणि तळहाताने मला दाबून बघितले. आबाजींनंतर मला असे कुणी दाबून बघितले नव्हते.

"हे टेबल कुणाचं?" तिने विचारले.

"बाबांचं," हरेश म्हणाला. "पण ताई, ते नको. मी पनवेलवरनं तुला मस्त काचेचं आणून देतो. क्लिनिकमध्ये शोभंल."

"काचेवर कांदा कसा चिरणार?"

"क्लिनिकमध्ये कांदा कशाला चिरतंस?"

"तेच तर माझं काम आहे," हर्षला म्हणाली, आणि बाह्या वर करून कामाला लागली.

दोघांनी मला रॉकेलने धुतले, पॉलिश कागदाने घासले, जवसाचे तेल पाजले. माझ्या अंगावरून इतके काळे पाणी वाहिले की मला शरम वाटली. पण खालून ऐनाच्या रेषा वर आल्या तेव्हा हरेशने त्यांवरून बोट फिरवले. नंतर म्हणाला, "बाबा यावरच उभे राहिले होते म्हणतात." मला त्या दिवशी पुन्हा जन्मल्यासारखे वाटले.

माझ्यासोबत गाळ्यात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्याही आल्या. त्या खुर्च्यांविषयी माझे मत तेव्हापासूनच बरे नव्हते. पुढे ते का बरोबर ठरले ते सांगतेच आहे.

शटरवर पाटी लागली. हर्षलाचे नाव, खाली 'ऑक्युपेशनल थेरपी', आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'मानसिक आरोग्य'. समोरच एसटीचा थांबा. कर्जतकडे जाणारे, खालापूरला कचेरीत निघालेले, सगळे तिथे उभे राहून पाटी वाचत. वाचून एकमेकांकडे बघत. आत मात्र कुणी येईना. जे आले त्यांपैकी एकाला गुडघ्याचा पट्टा हवा होता आणि एक आजोबा कमरेला मशीन लावून घ्यायला आले होते. हर्षलाने प्रत्येकाला बसवून नीट सांगितले की हे काम वेगळे आहे. दुपारी ती माझ्यावर स्वतःच्या जेवणापुरता कांदा चिरायची. मुंबईहून मैत्रिणींचे फोन यायचे, तुझी जागा अजून भरलेली नाही म्हणून. ती हसून विषय बदलायची, पण फोन ठेवल्यावर कांदा फार बारीक चिरायची. मला ते कळायचे.

हरेशला राहवेना. एकदा तो म्हणाला, "ताई, लोकांना गरज नाय असं नाय. मी बघतो ना. येतात, थांब्यावर ओळखीचं कोण दिसलं की गपचूप फिरतात. ती खालची ओळ काढून टाक. नुसतं थेरपी र्‍हाऊ दे."

"ती ओळ राहील, हरेश. मीच लपवली तर त्यांना कुठल्या तोंडानं सांगू की लपू नका?" मग थोडे थांबून ती म्हणाली, "पण मागचं दार उघडं ठेव. ज्याला पुढून यायचं बळ नाही, त्यानं मागून यावं. आत तरी यावं."

आणि मागच्या दाराने पहिली आली ती मोतीबाई. पाठोपाठ तिची सून मैना, आणि शेवटी स्कूटर ढकलत मोतीबाईचा मुलगा, मैनाचा नवरा किशोर. किशोर खालापूरजवळच्या एका कंपनीत कामाला. स्कूटर नवीकोरी होती. मोतीबाई हरेशला म्हणाली, "ही गाडी खोलून ठेव रं."

"काय झालंय तिला?"

"काय नाय झालं. पण रस्त्यावरनं कुणी बगितलं तर गाडी खोललेली दिसायला पायजे. आमी गाडी दुरुस्तीला आलोय."

हरेशने डोके खाजवले आणि धडधाकट स्कूटरचे चाक काढून ठेवले. तेव्हापासून दर आठवड्याला हाच प्रकार. मैना माझ्यापाशी, मोतीबाई अंगणात, आणि तिच्या बाजूला ती बिचारी स्कूटर उघडीवाघडी. थोड्याच दिवसांत सगळ्या पंचक्रोशीत बोभाटा झाला की किशोरची गाडी अगदीच टाकाऊ निघाली. किशोर बापडा सगळे ऐकून घ्यायचा.

मैना तिशीची होती. दोन वर्षांपूर्वी तिला मनाचा आजार झाला. झोप उडाली, कुणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले. एकदा कढईत तेल तापत ठेवून ती त्या आवाजांमागे रस्त्यावर निघून गेली आणि मागे ओट्याजवळच्या पडद्याने पेट घेतला. मोतीबाईने तो हातांनी ओढून विझवला. तिच्या उजव्या तळहातावर त्याचा डाग अजून आहे. नंतर पनवेलच्या डॉक्टरांचे औषध सुरू झाले आणि आवाज थांबले. मैना घरी आली. पण घरात तिला कुणी सुरी हाती धरू देईना, गॅसपाशी जाऊ देईना, साधी कोथिंबीर निवडू देईना.

मोतीबाईने पहिल्याच दिवशी बजावले, "हे बघ हर्षला, तिला सुरीबिरी देऊ नको. आमी तिला काय कमी करत नाय. चा हातात देतो, जेवण हातात देतो. बसून असती ती, आरामात."

मैना खरोखरच बसून होती. पांढऱ्या खुर्चीवर, हात मांडीवर, नजर जमिनीकडे.

हर्षलाने आधी रुग्णालयाच्या सवयीने तिला मणी ओवायला दिले. मैनाने ते निमूटपणे ओवले. पुढच्या वेळी कागदी पाकिटे दिली, तीही केली. झाले की हात पुन्हा मांडीवर. मी बघत होते. तिचे हात माझ्यावर होते, पण मैना तिथे नव्हती. शेवटी हर्षलाने मण्यांची पेटी उचलून कपाटात टाकली आणि समोर बसून विचारले, "मैना, आजारी पडायच्या आधी तुला लोक कशाला बोलवायचे?"

मैनाने मांडीवरच्या आपल्या हातांकडे बघितले. मग म्हणाली, "वड्यांना."

"कसले वडे?"

"हळदीचे. आमच्यात हळदीला वडे लागतात ना, ताई. तुमच्याकडं पण असतील. गावात कुणाची पण हळद असू दे, पीठ मीच भिजवायची." तिने पहिल्यांदा मान वर केली. "आता मला खुर्ची देतात."

"खुर्ची?"

"हळदीला गेलं की खुर्ची आणतात. पंख्याखाली ठेवतात. सगळ्या बाया खाली बसून वडे थापतात, गाणी म्हणतात, नि मी खुर्चीवर. हातात सरबत. सगळी म्हणतात, बस तू, आराम कर." तिने साडीचा काठ बोटाला गुंडाळला. "मला नको ती खुर्ची."

बघितलेत ना मित्रांनो? खुर्च्यांविषयी माझे मत उगाच नव्हते.

पुढच्या आठवड्यात माझ्यावर परात आली. तांदळाचे पीठ, उडदाचे पीठ, मेथी-धणे, कोमट पाणी. मैनाने पिठात हात घातला आणि लगेच मागे घेतला. औषधामुळे तिच्या हातांना कंप सुटत असे. घरी पाण्याचा पेलासुद्धा हिंदकळायचा आणि मोतीबाई तो तिच्या हातातून काढून घ्यायची. हर्षलाने पेला, परात, काहीच काढून घेतले नाही. ती म्हणाली, "कोपरं टेक. टेबलावर पूर्ण भार दे. हे टेबल हलत नाही, मी बघितलंय."

मैनाने कोपरे माझ्यावर टेकवली. भार दिला. मी सगळा घेतला. नागू सुताराने मला ज्यासाठी घडवले होते, तेच काम पुन्हा माझ्या वाट्याला आले. कंप पूर्ण गेला नाही, पण बोटे पिठात बसली. तिने हळूहळू पीठ एकत्र आणले, तळहाताने दाबले, उलटले, पुन्हा दाबले. हर्षला फक्त बाजूला उभी होती. तिच्याही हातांना मदत करायची घाई होत होती, म्हणून तिने ते पाठीमागे धरले होते.

असे आठवडे गेले. पीठ झाले, मग गोळे झाले, मग ओल्या फडक्यावर वडे थापणे झाले. एक दिवस सुरी आली, आधी बोथट, मग घरातली नेहमीची. हर्षलाने पनवेलच्या डॉक्टरांशी कंपाबद्दल बोलून घेतले. औषध बंद करायचे नाही, हे तिने किशोरलाही स्पष्ट सांगितले. काही दिवस वाईट गेले. मैना यायची आणि पिठाला हातही न लावता परत जायची. त्या दिवशी हर्षला तिला रागवायची नाही आणि उगीच शाबासकीही द्यायची नाही. "पुढच्या वेळी बघू," एवढेच म्हणायची. मोतीबाई या सगळ्या वेळात अंगणात स्कूटरपाशी बसून असायची. आत यायचे तिला धाडस होत नव्हते.

मग मैनाच्या नणंदेचे, सुरभीचे लग्न ठरले. मोतीबाईची धाकटी मुलगी ती. म्हणजे हळद आता स्वतःच्या दारात होती आणि मैना होती नवरीची वहिनी. मैना माझ्यावर पीठ मळताना त्या दिवशी गुणगुणत होती. गाणे कुठले ते मला समजले नाही, पण मला फार आनंद झाला.

तो आनंद मोतीबाईने फार टिकू दिला नाही. पुढच्या वेळी ती अंगणातून थेट आत आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "पोरी, आता लग्न होईपतुर आमी काय येत नाय. घरात पाव्हणं, मोठा गॅस, उकळतं तेल. पीठ भिजवायला मी शेजारच्या गावातनं बाई सांगितलीय. मैना बसंल बाजूला. लग्नघरात काय झालं म्हंजे?"

मैनाचे हात पिठात थांबले. मग ते परातीतून बाहेर आले, आणि मला कळले की ते आता मांडीवर जाणार. एवढ्या महिन्यांचे काम त्या एका वाक्यासरशी मांडीवर जाऊन बसणार होते.

हर्षलाने वाद घातला नाही. ती म्हणाली, "बरं काकी. मग आज शेवटचं बसा तरी. इतक्या वेळा आलात, एकदा पण आत बसला नाहीत." आणि तिने ती पांढरी खुर्ची मोतीबाईपुढे ठेवली, पंख्याखाली. हातात सरबताचा पेला दिला. मग स्वतः मेथीची जुडी सोडून माझ्यावर पसरली आणि मैनाला म्हणाली, "चल, निवडून घेऊ."

दोघी मेथी निवडू लागल्या. मोतीबाई थोडा वेळ बसली. सरबत संपवले. पाय हलवला. मग पुढे वाकून म्हणाली, "आण गं इकडं एक जुडी, मी निवडते."

"नको काकी. तुम्ही बसा. आराम करा."

आणखी थोडा वेळ गेला. देठ जमिनीवर पडले होते. मोतीबाई ते गोळा करायला उठली. हर्षलाने तिला दंडाला धरून पुन्हा बसवले. "तुम्ही नका त्रास घेऊ. आम्ही आहोत ना."

"अगं पण देठं..."

"असू द्या. तुम्ही फक्त बसायचं."

जन्मभर शेतात आणि चुलीपुढे राबलेली बाई ती. तिने पेला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, पदर सारखा केला, खुर्चीचा हात चाचपला, पंख्याकडे बघितले. शेवटी तिचा संयम सुटला. "म्हंजे मी काय लुळीपांगळी हाय का? माझं काय हात मोडलेत? दोन पानं निवडू देत नाय म्हंजे काय?"

मैनाने मेथीवरून नजर न उचलता, अगदी हळू, म्हटले, "मला रोज असंच बसवता, आई."

बाहेर हरेशची पान्याची खटखट चालली होती. मोतीबाईने आपला उजवा तळहात उघडून त्यावरचा डाग बघितला. मग पदराने डोळे पुसले. "मला भ्या वाटतं गं," ती म्हणाली. "तुझ्यावर राग नाय माझा. त्या दिसापासनं मला भ्याच वाटतं."

"मला पण वाटतं," मैना म्हणाली.

हर्षला मग खुर्ची ओढून मोतीबाईसमोर बसली आणि तिघींनी मिळून ठरवले. पीठ मैना भिजवील, वडे ती थापील. तेलापाशी मोतीबाई स्वतः उभी राहील. मैनाला दमल्यासारखे वाटले तर ती सांगेल आणि थांबेल, आणि कुणी तिला का म्हणून विचारणार नाही. मोतीबाईने सगळे ऐकले आणि शेवटी आपली एक अट घातली. "पण मग हे टेबल पायजे. तिची कोपरं यावरच टेकतात."

मित्रांनो, टेबलांना छाती नसते. असती तर त्या क्षणी फुगली असती.

हळदीच्या दिवशी हरेशने मला टेंपोत घातले. किती वर्षांनी मी रस्ता बघितला. जुन्या ढाब्यांच्या पाट्या, भातखाचरे, लांबवर डोंगर. लग्नघरी मांडवामागे मला ठेवले तेव्हा बायका हसल्या. वडे काय कधी टेबलावर थापतात? मी ऐकून घेतले. माझे काम बोलणार होते.

मैना नवी साडी नेसून आली आणि माझ्यापुढे उभी राहिली. सगळ्या बायकांच्या नजरा तिच्यावर. कुणाला तो पडदा आठवत होता, कुणाला तिचे रस्त्यावर निघून जाणे. पाहुण्यांमधली एक बाई कळवळून म्हणाली, "अगं तिला कशाला कामाला लावता? खुर्ची आणा रं कुणीतरी." लगेच खुर्ची आली. तीच, पांढरी. मैनाचे हात जास्तच थरथरू लागले.

मोतीबाईने ती खुर्ची घेतली आणि त्यावर पिठाचा मोठा डबा ठेवला. "खाली वाकून पीठ घ्यायला तिला त्रास नको," ती त्या पाहुणीला म्हणाली. खुर्चीचा इतका चांगला उपयोग मी आजवर पाहिलेला नाही.

मैनाने कोपरे टेकवली. डोळे मिटून थोडी थांबली. मग हात पिठात गेले. आधी हळू, मग नेहमीच्या लयीत, आणि मग पूर्वीच्या त्या लयीत, जी मी कधी पाहिली नव्हती पण त्या सगळ्या बायकांनी पाहिली होती. त्यांच्यातली एक पुढे येऊन कोमट पाणी घालू लागली. दुसरीने परात झाकायला फडके ओले करून दिले. पीठ मुरले आणि संध्याकाळी थापणे सुरू झाले तेव्हा माझ्या चारी बाजूंनी बायका होत्या आणि गाणे चालू होते. मध्येच मैना थांबली. "मी जरा मागं फिरून येते," तिने सांगितले आणि गेली. कुणी विचारले नाही. ती परत आली, हात धुतले, पुन्हा कोपरे टेकवली. एका कोपऱ्यात उभ्या असलेल्या हर्षलाच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आले. वडे काय, ते कुणालाही शिकता येतात. पण दमलोय हे ओळखून थांबणे आणि थांबून परत येणे, हे तिने मैनाच्या हाती दिले होते.

पहिला वडा मोतीबाईने तेलात सोडला. तो तळाशी गेला, वर आला आणि फुगला. तिने दुसऱ्या वड्यासाठी हात पुढे केला. इतक्यात तोंडभर हळद लागलेली सुरभी मांडवातून पळत आली, मागून बायका ओरडत, आणि म्हणाली, "वयनी, पयला मला." मैनाने तिला तो भरवला. मैनाच्या बोटांवर पीठ होते, सुरभीच्या गालावर हळद. मैना हसत होती. आजवर माझ्यावर हजारो वडे झाले असतील, पण इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

लग्न पार पडले आणि टेंपोने मी परत गाळ्यात आले. नेहमीचा वार उजाडला. हरेशने पाने-पकडी काढून ठेवल्या आणि अंगणाच्या दाराकडे डोळे लावून बसला. स्कूटर काही येईना. हर्षलाही दोनदा मागे डोकावून आली. मी मनातून घाबरले. लग्नात एवढे झाले, आणि आता यायचेच बंद केले की काय?

मग समोरच्या थांब्यावर एसटी थांबली आणि तिच्यातून मोतीबाई आणि मैना उतरल्या. थांब्यावर नेहमीची माणसे उभी होती. त्यांतला एक ओळखीचा मोठ्याने म्हणाला, "काय मोतीबाई, आज एसटीनं? गाडी परत बिघडली का किशोरची?"

मोतीबाई रस्ता ओलांडता ओलांडता थांबली. तिने मैनाचा हात धरला होता. आमच्या पाटीकडे बघून ती म्हणाली, "गाडीला काय पण झालेलं नाय. पयल्यापासनं चांगली हाय. मी सुनेला घेऊन आलेय. हर्षलाकडं, थेरपीला. तिला बरं वाटतंय. तुमच्या घरी पण कुणाला गरज आसंल तर पुढच्या दारानं या. मागं गॅरेज हाय, कपड्यांना ऑइल लागतं."

हर्षलाने शटर पूर्ण वर केले. मग हरेशला हाक मारून दोघांनी मला मागच्या भिंतीपासून उचलले आणि पुढे, शटरपाशी, रस्त्यावरून दिसेल असे ठेवले. तेव्हापासून मी तिथेच आहे. कर्जतहून माणसे येतात, खालापूरहून येतात, कळंबहूनही येतात. काही अजून मागच्या दाराने येतात, आणि ते दारही उघडेच असते. हर्षलाने मुंबईच्या मैत्रिणींना सांगून टाकले आहे की तिची तिथली जागा आता भरली म्हणून समजा. मैना अजून गोळ्या घेते, अजून येते, पण आता कधीकधी नव्याने आलेल्या एखादीला कोपरे कशी टेकायची ते तीच दाखवते.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या टेबलाला वर्षातून एकदा तेल लावा, त्यावर तापलेले भांडे ठेवू नका, आणि ऑइलचे डबे तर मुळीच नकोत. आमच्यासाठी एवढे पुरे. पण घरात कुणी माणूस मोठ्या दुखण्यातून उठला असेल, तर त्याच्यासाठी याहून थोडे जास्त करा. त्याला खुर्ची देण्याआधी विचारा, तुला बसायचे आहे का? नसेल बसायचे, तर परात द्या, मेथीची जुडी द्या, जे काम त्याचे होते ते द्या. हात थरथरले तर ते काम काढून घेऊ नका. कोपरे टेकायला जागा द्या. त्यासाठीच तर आम्ही टेबले आहोत.